दुहीचा शाप नावाची पळवाट

‘मराठी माणसाला दुहीचा शाप आहे’ हे वाक्य ज्याच्या कानावरून गेलेलं नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या, जत्रेतल्या मानावरून गावात दोन तट पडले, एका पक्षाचे दोन पक्ष झाले, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात अध्यक्षपदावरून वाजलं, की कोणीतरी सुस्कारा टाकून हे म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. मग ओघाने पानिपत येतं, राघोबादादा येतात आणि शेवटी ती बिनझाकणाची टोपली येते, जिच्यातला एक खेकडा वर चढू लागला की बाकीचे त्याचा पाय ओढतात. विषय तिथे संपतो.

माझी तक्रार आहे ती विषय तिथे संपतो याबद्दल. एकदा शाप म्हटलं की कोणी कारण विचारत नाही, फक्त उःशाप विचारला जातो. उःशापही ठरलेला: एकी ठेवा. आणि ही एकी कोणी ठेवायची? पाटावर बसलेल्याला तसं कधी कोणी सांगत नाही. ताटकळत उभा असलेला बोलू लागला, की मात्र त्याला एकीची आठवण करून दिली जाते. दुहीच्या या सगळ्या बोलण्यातून तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्या जातात. एक म्हणजे खरा मतभेद, दुसरी म्हणजे आपला न्याय्य वाटा मागणं आणि तिसरी म्हणजे कोणीतरी पैशाने, पदाने वा भीतीने मुद्दाम केलेली फोडाफोडी. पहिल्याचा आदर करायला हवा, दुसऱ्याचा निवाडा आणि तिसऱ्याचा बंदोबस्त. तिन्हींना दुही म्हटलं की यातलं काहीच करावं लागत नाही.

आधी त्या खेकड्यांचा निकाल लावू. ही गोष्ट फिलिपिन्समधले लोक स्वतःबद्दल सांगतात, बंगाली माणसं बंगाल्यांबद्दल सांगतात आणि परदेशी गेलेले भारतीय सगळ्या भारतीयांबद्दल सांगतात. जी गोष्ट इतके लोक आपापल्या नावावर खपवतात ती मराठी स्वभावाचा पुरावा होत नाही. शिवाय खेकडे टोपलीत आपल्या पायांनी गेले नव्हते. त्यांना धरून आत टाकणाऱ्याचं नाव त्या गोष्टीत कधीच येत नाही. गोष्टीतलं सगळं पाप खेकड्यांच्या माथी.

आता इतिहास, कारण शापवाल्यांचा सगळा भार इतिहासावर आहे. 1707 मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज सुटून आले आणि ताराबाईंच्या पक्षाशी त्यांचा संघर्ष उभा राहिला. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. दुहीने राज्य बुडतं हा नियम खरा असता तर मराठ्यांचं राज्य तिथेच आटपायला हवं होतं. झालं उलटं. भांडण बरीच वर्षं चाललं, मग 1731 मध्ये वारणेचा तह झाला. नदी हद्द ठरली, दोन्ही घरांचं क्षेत्र कागदावर आलं. 1737 मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आला, 1739 मध्ये चिमाजी अप्पाने वसई घेतली, 1758 मध्ये मराठी घोडी अटकेपर्यंत गेली. मराठी सत्तेचा सगळ्यात मोठा विस्तार घराण्याची वाटणी झाल्यानंतरचा आहे. वाटणी नीट झाली, तिला तहाचा आधार मिळाला, तर दोन चुली सुखाने पेटू शकतात हे वारणेच्या तहातून शिकता येतं. पण वारणेचा तह कोणाच्या भाषणात येत नाही, कारण त्यात रडण्यासारखं काही नाही.

राघोबादादांचं प्रकरण याहून बोलकं आहे. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात त्यांचा पुतण्या, पेशवा नारायणराव मारला गेला. राघोबा मुंबईकर इंग्रजांकडे गेला आणि मार्च 1775 मध्ये सुरतेला तह करून साष्टी आणि वसई देऊ करून बसला. ही भाऊबंदकी खरीच आणि घाणेरडी होती. पण त्याच वेळी पुण्यात काय चाललं होतं? बारभाई एकत्र आले होते. एकमेकांबद्दल फारसं प्रेम नसलेले मुत्सद्दी आणि सरदार नारायणरावाच्या मागे जन्मलेल्या तान्ह्या मुलाच्या नावाने कारभार चालवत होते. त्यांनी जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रजी फौजेला शरणागतीचा करार लिहून द्यायला लावला. एकाच घटनेत एक माणूस फुटला आणि डझनभर एक झाले. आपण लक्षात ठेवला तो फुटलेला. 1909 साली खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ नाटक लिहिलं आणि त्या काळावर तो शब्द कायमचा चिकटला. ‘बारभाई’चा अर्थ मात्र मराठीत ‘सगळ्यांचा कारभार, कोणाचाच धड नाही’ असा होऊन बसला. एकी करणाऱ्यांच्या वाट्याला हे आलं.

पानिपताचंही तसंच. 14 जानेवारी 1761 च्या लढाईत मल्हारराव होळकरांनी मैदान सोडलं, हे शापवाल्यांचं हुकमी पान. पण त्या दिवशी मैदानात उतरलेली फौज कित्येक आठवडे कोंडलेली होती. रसद तुटलेली, थंडी उत्तरेची, बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांचा भला मोठा लवाजमा पोसायचा, जनावरं उपासमारीने पडत चाललेली. रसदीची आणि मित्रराज्यांची व्यवस्था का फसली, हा युद्धशास्त्राचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे. त्याला दुही हे उत्तर देणं म्हणजे अपघाताच्या पंचनाम्यात ‘नशीब’ असं लिहून सही करणं.

आणि घराण्यातली भांडणं ही मराठ्यांची मक्तेदारी होती असं कोणाला वाटत असेल तर त्याने शाहजहानच्या चार मुलांकडे पाहावं. 1657-58 मध्ये त्यांनी एकमेकांविरुद्ध फौजा काढल्या, त्यातल्या एकाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात डांबलं आणि भावांचा काटा काढला. त्यानंतर मोगल राज्य आणखी पसरलं. पण त्यामुळे मोगलांना दुहीचा शाप होता असं कुठला बखरकार म्हणत नाही. गादीचा वारस ठरवण्याचा पक्का नियम नसला की वारस तलवारीने ठरतो, एवढाच त्याचा अर्थ. ते दिल्लीत झालं, इंग्लंडात झालं, साताऱ्यात झालं.

पहिल्या प्रकाराकडे, म्हणजे खऱ्या मतभेदाकडे येतो. डिसेंबर 1907 मध्ये सुरतेला काँग्रेसचं अधिवेशन उधळलं. मंडपात जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ‘सुरतेची फूट’ म्हणून आठवतो तो हा जोडा. मात्र वाद जोड्याचा नव्हता. आदल्या वर्षी कलकत्त्याला स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षणाचे ठराव झाले होते, ते टिकवायचे की पातळ करायचे यावर होता. ठरलेलं अधिवेशन नागपुरातून सुरतेला हलवणं, अध्यक्ष लाला लजपत राय की रासबिहारी घोष, हे सगळं त्या मूळ प्रश्नाचे फाटे. दोन्ही बाजूंना बंगाली होते, मराठी होते. टिळक आणि मेहता यांना इंग्रजी सत्तेबद्दल खरोखरच वेगळं वाटत होतं. त्यांनी ते झाकून हसतमुखाने एका व्यासपीठावर बसायला हवं होतं का? नऊ वर्षांनी, 1916 मध्ये लखनौला दोन्ही गट पुन्हा एकत्र आले, कारण परिस्थिती बदलली होती आणि बोलणी होऊ शकत होती. त्या नऊ वर्षांना नुसतं ‘फूट’ म्हणून ठेवलं की त्यांच्यातला विचार गळून पडतो आणि जोडा तेवढा उरतो.

हाच अन्याय रिपब्लिकन चळवळीवर आजतागायत चालू आहे. ‘गटबाजी’ हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पहिला कोणता पक्ष येतो हे सांगायला नको. बाबासाहेबांच्या पश्चात 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनेक वर्षांत त्यात दोन गट झाले. बी. सी. कांबळे यांचा गट स्वतःला ‘दुरुस्त’ म्हणवू लागला, तेव्हा दादासाहेब गायकवाडांच्या बाजूला आपोआप ‘नादुरुस्त’ हे नाव पडलं. लोकांना या नावांची गंमत वाटली. भांडणाचा विषय मात्र गमतीचा नव्हता. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून रस्त्यावर उतरून सत्याग्रह करायचा आणि त्यासाठी डाव्यांशी हात मिळवायचा, की घटनात्मक मार्गाच्या चौकटीतच राहायचं, असा तो वाद होता. 1972 मध्ये उभी राहिलेली दलित पँथर दोन वर्षांत फुटली, तेव्हा राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यामध्ये जात आणि वर्ग, बुद्ध आणि मार्क्स हा प्रश्न होता. जगभरच्या विद्यापीठांत ज्या प्रश्नावर ग्रंथ लिहिले जातात तो प्रश्न मुंबईच्या चाळींतली पोरं रस्त्यावर सोडवू पाहत होती. त्यात अहंकार नव्हता, असूया नव्हती, असं मी म्हणत नाही. माणसं होती, तेव्हा तेही होतं. पण 1969 मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा वर्तमानपत्रांनी इंडिकेट-सिंडिकेट म्हणत धोरणांची चर्चा केली, बँकांच्या राष्ट्रीयीकरणावर रकाने भरले. बलवान फुटला की त्याच्या फुटीला विचारधारा असते, नेतृत्वबदल असतो, भूकंप असतो. दुबळा फुटला की ती गटबाजी. शब्दाची ही विषमता ज्याला दिसत नाही त्याने दलित राजकारणाला एकीचा उपदेश करू नये.

दुसरा प्रकार वाट्याचा. त्यासाठी पुढाऱ्यांकडे जायची गरज नाही, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एक दुपार घालवली तरी पुरे. वडील गेलेले असतात. भाऊ, वहिनी, दोन साक्षीदार आणि माहेरी आलेली बहीण बाकावर बसलेले असतात. वकिलाच्या कारकुनाने हक्कसोडपत्र टाइप करून आणलेलं असतं. त्यात ‘कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने’ हे शब्द ठळक असतात. आत बोलावणं येतं, ती कॅमेऱ्याकडे बघते, यंत्रावर अंगठा ठेवते, सही करते. बाहेर आल्यावर भाऊ चहा सांगतो. वाटा मागितला असता तर तिला काय ऐकायला मिळालं असतं हे तिला ठाऊक असतं: घर फोडलं, भावाला कोर्टात खेचलं, माहेर तोडलं. महाराष्ट्राने 1994 मध्ये कायदा करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. 2005 मध्ये तो देशभर आला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंका मिटवली. तरी पुष्कळ सातबाऱ्यांवर बहिणींची नावं वर्षानुवर्षं ‘इतर हक्क’ या रकान्यात पडून राहिली. जिचा मूळ हक्क, तीच ‘इतर’. दोन भाऊ बांधावरून भांडले तर गाव ‘काय करणार, भाऊबंदकी’ म्हणून सोडून देतं. बहिणीने कायद्यातला वाटा मागितला तर तीच घरफोडी ठरते. एकी टिकली असं ज्या घरांबद्दल कौतुकाने सांगतात, त्यांतल्या किती घरांची एकी बहिणीच्या अंगठ्यावर उभी आहे हे कधी मोजलं जात नाही.

तिसरा प्रकार फोडाफोडीचा, आणि इथे मराठी व्याकरणसुद्धा शापवाल्यांच्या मदतीला धावतं. पाऊस पडतो तशी ‘फूट पडते’. पाडणाऱ्याचा पत्ता नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जे झालं त्याला सर्रास ‘दुहीचा शाप’ म्हटलं गेलं. प्रत्यक्षात त्यामागे कायद्याचं एक साधं अंकगणित होतं. 1985 मध्ये 52व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. त्यात पक्षांतर केलं तर आमदारकी जाते, पण विधिमंडळ पक्षाच्या एक-तृतीयांश सदस्यांनी मिळून केलं तर ती ‘फूट’ आणि मग सगळं माफ. 2003 च्या 91व्या दुरुस्तीने ही सवलत काढली, मात्र दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली. म्हणजे किरकोळ फुटलात तर आमदारकी जाते, घाऊक फुटलात तर मंत्रिपद मिळतं.

आता आकडे बघा. जुलै 2019 मध्ये गोव्यात काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले. बरोबर दोन-तृतीयांश, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8 गेले. दोन-तृतीयांशाला तिथे 8च लागतात. दुही जर रक्तात असती तर ती इतकी हिशेबी कशी असती? जून 2022 मध्ये शिवसेनेचे आमदार सुरत आणि गुवाहाटीच्या हॉटेलांत असताना साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी 37 हा आकडा होता, कारण 55 चे दोन-तृतीयांश तेवढेच होतात. पुढे त्या गटाने विलीनीकरणाची वाटच धरली नाही, आपणच मूळ पक्ष आहोत असा दावा केला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण त्यांच्याकडे दिले. वर्षभराने राष्ट्रवादी काँग्रेसच्या घड्याळाचंही तसंच झालं. एका बाजूने ‘गद्दारी’ आणि ‘खोके’ म्हटलं, दुसऱ्या बाजूने ‘उठाव’ म्हटलं. यातलं कोण खरं यावर घराघरांत वाद झाले आणि होऊ द्यावेत. पण त्या वादाला किमान कर्ता आहे, कर्म आहे, हेतूचा प्रश्न आहे. ‘मराठी माणसाचा शाप’ म्हटल्यावर यातलं काहीच उरत नाही, आणि फोडणारा व फुटणारा दोघेही निर्धास्त होतात. 1995 मध्ये तेलुगू देसम जावयाने सासऱ्याकडून घेतला, 2017 मध्ये समाजवादी पक्षात बाप-लेकाचं चिन्हावरून भांडण आयोगापर्यंत गेलं, जयललितांच्या मागे अण्णाद्रमुक फुटला. ही सगळी माणसं कुठल्या मराठी शापाने पछाडली होती?

यावर एक आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकीने कामं होतात, हे खरं नाही का? खरं आहे. 1998 च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन गट एकत्र येऊन काँग्रेसबरोबर लढले तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चौघे निवडून आले, तेही खुल्या मतदारसंघांतून. त्याआधीचं मोठं उदाहरण संयुक्त महाराष्ट्राचं. 1956 मध्ये समिती झाली तेव्हा तिच्यात कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन आणि जनसंघसुद्धा होता. एरवी यांतले निम्मे एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसत. एस. एम. जोशी आणि डांगे यांची मतं समितीत आल्यावर जुळली असं काही झालं नाही. तरी शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या बळावर त्यांनी मुंबईसह महाराष्ट्र मिळवला. 1 मे 1960 नंतर समिती पांगली. त्याबद्दल हळहळणाऱ्यांना मला विचारायचं आहे, पांगायला नको होती का? जो करार एका मागणीपुरता होता तो मागणी पुरी झाल्यावर संपला. कोणी स्वतःचा झेंडा गुंडाळला नाही, कोणाला स्वतःचं मत गिळायला लावलं नाही, म्हणूनच ती चार वर्षांची एकी इतकी मजबूत झाली. शापवाले जिला एकी म्हणतात तिच्यात आणि समितीच्या एकीत हा फरक आहे. समितीत वेगळं मत ठेवून एकत्र राहता येत होतं.

आपल्या आजच्या पक्षांत नेमकी तीच सोय नाही. अध्यक्ष वरून ठरतो, उमेदवारी बंगल्यावरून ठरते, पक्षांतर्गत निवडणुका कागदावर होतात. सभागृहात एखाद्या आमदाराने साध्या विधेयकावर व्हिप मोडून वेगळं मत दिलं तर त्याची आमदारकी धोक्यात. एकट्याने प्रामाणिकपणे असहमत व्हायला बंदी आणि टोळीने निघून जायला मुभा, असा हा कायदा आहे. 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवलं होतं की मतदानावरून होणारी अपात्रता विश्वास-अविश्वासाच्या ठरावासारख्या मोजक्याच प्रसंगांपुरती ठेवा, बाकी वेळी सदस्याला बोलू द्या. कोणत्याही रंगाच्या सरकारने ते मनावर घेतलं नाही. मतभेदाला दार ठेवायचं नाही आणि भिंत पडली की मराठी रक्ताला दोष द्यायचा, हा ढोंगीपणा आहे.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. विलीनीकरणाची सवलत काढून टाका. पक्ष सोडायचा तर राजीनामा देऊन मतदारांपुढे जा, एकटे जा की चाळीस जण मिळून जा. व्हिप सरकारच्या जगण्या-मरण्यापुरता ठेवा. वारसनोंदीच्या वेळी बहिणीचं नाव भावाच्या शेजारी, मूळ रकान्यात लागलं पाहिजे आणि हक्क सोडायचाच असेल तर त्याआधी तिला तिच्या वाट्याचा बाजारभाव कोणीतरी तोंडाने सांगितला पाहिजे. आणि चळवळीतल्या दोन गटांबद्दल लिहिताना पत्रकारांनी त्यांच्या भांडणाचा विषय निदान एका वाक्यात तरी द्यावा. यातल्या एकाही गोष्टीला मराठी माणसाचा स्वभाव बदलावा लागत नाही. लागते ती कायद्याची दुरुस्ती, तलाठ्याची नोंद आणि संपादकाची थोडी मेहनत. ती टाळायची असते, म्हणून शाप हवा असतो.